मतिमंदांची सेवा आणि खासगी दानधर्म

सोलापूरच्या आग्नेयेस सुमारें १५ किलोमीटरांवर होटगी हें गांव आहे. रेल्वेनें प्रवास करणाऱ्या मंडळींना तें गांव म्हणून फारसें ठाऊक नसतें, जंक्शन म्हणून ठाऊक असतें. मुंबईहून वाडी-रायचूरकडे जाणारी मुख्य वाट येथून सरळ पुढें जाते आणि विजापूर-गदगची शाखा येथेंच फुटते. सदर्न मराठा रेल्वेची ही शाखा १८८४ सालीं सुरू झाली; प्रथम ती मीटरगेज होती, पुढें रुंद झाली. गांवांत वीरशैवांचा मठ आहे, आणि बाजारांत मराठीच्या बरोबरीनें कानडीहि ऐकूं येते.

अशा गांवांत एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा रेल्वेच्या नोकराच्या घरीं बुद्धीनें मागें राहणारें मूल जन्मास येतें, तेव्हां त्याच्या शिक्षणाचा आणि पुढें जन्मभराच्या सांभाळाचा भार कोणीं उचलावा, असा प्रश्न उभा राहतो. आईबाप तो उचलतात हें खरें. पण आईबापांचें आयुष्य संपतें आणि मुलाचें राहतें. भाऊबंद, मठ, धनिक व्यापारी, सरकार आणि आतां कारखाने, अशा एकेका दारापुढें हा प्रश्न गेलीं दीडशें वर्षें उभा राहत आला आहे. त्या दारांचा इतिहास बहुतांशीं होटगीबाहेर, पंढरपुरांत, मुंबईंत, नाशकांत आणि विदर्भांत घडला; परंतु त्याचा हिशेब होटगीसारख्या गांवांतच मांडावा लागतो, कारण मोठ्या शहरांत जें मिळतें तें येथवर पोंचलें कीं नाहीं, यावरूनच त्याची किंमत ठरते.

प्रथम नांवांचा विचार केला पाहिजे. ‘मतिमंद’ हा शब्द मराठींत पुष्कळ वर्षें शाळांच्या पाट्यांवर मिरवला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानें त्याच्या जागीं बौद्धिक अक्षमता असा शब्द आणला. जुन्या ग्रंथांत मात्र याहून कठोर शब्द आढळतात. १९१२ च्या हिंदुस्थानच्या वेड्यांविषयींच्या कायद्यांत ‘लूनॅटिक’ या शब्दाची व्याख्या केली आहे, तिचा आरंभच मुळीं ‘इडियट’ या शब्दानें होतो. वेडा आणि मंदबुद्धि या दोन भिन्न अवस्था आहेत. एकांत असलेली बुद्धि ढळते, दुसऱ्यांत ती जन्मापासूनच सावकाश वाढते. कायद्यानें दोघांना एका दावणीस बांधलें. त्याचा परिणाम असा झाला कीं अशा मुलाला घराबाहेर जागा हवी असेल, तर ती एकच होती, ती म्हणजे वेड्यांचें इस्पितळ. अशा इस्पितळांनाहि खासगी दानाचा हात लागलेला होता. ठाण्याचें वेड्यांचें इस्पितळ १९०१ सालीं सुरू झालें, तें नरोत्तम माधवदास यांच्या नांवानें. दात्याचा हेतु उदार होता यांत शंका नाहीं; परंतु तेथें शिकविण्याची सोय नव्हती, कोंडून ठेवण्याची होती.

सोलापूर जिल्ह्याला दानधर्म नवा नाहीं. पंढरपूर या जिल्ह्यांत असल्यामुळें धर्मशाळा, अन्नछत्रें, घाट आणि विहिरी यांवर इकडे शतकानुशतकें पैसा खर्च होत आला. या प्रवाहाला वेगळें वळण देणारी घटना १८७५ सालीं पंढरपुरांतच घडली. तेथील सबजज्ज लालशंकर उमियाशंकर यांनीं टाकून दिलेल्या अर्भकांसाठीं बालकाश्रम काढला. पुढें तो मुंबईच्या प्रार्थनासमाजानें चालविला आणि वासुदेव बाबाजी नवरंगे यांचें नांव त्याला मिळालें. यात्रेच्या गांवीं विधवांच्या पोटीं जन्मलेलीं मुलें मारलीं वा टाकलीं जात, तीं वांचवावीं हा त्यामागचा हेतु. लवकरच १८७६-७७ चा दुष्काळ आला आणि अशा आश्रमाची गरज किती मोठी आहे हें सर्वांना दिसलें. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट एकच. धर्मशाळा बांधणाऱ्याला पुण्य हवें असे, आणि यात्रेकरू त्याचें नांव घेई. टाकलेल्या अर्भकाला अन्न देणाऱ्याचें नांव घेणारा कोणी नव्हता; उलट लोकनिंदेचा भाग पुष्कळ होता. ज्या दानाचा गौरव होत नाहीं असें दान संस्थेच्या रूपानें उभें करतां येतें, हें या जिल्ह्यांत १८७५ सालींच सिद्ध झालें होतें. गाडगे महाराजांनीं पुढें पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली, तीहि ज्यांना इतर धर्मशाळांचीं दारें बंद होतीं त्यांच्यासाठीं, आणि तीहि लोकांच्या वर्गणींतून. मतिमंद मुलांची पाळी मात्र अजून यावयाची होती.

ती इतक्या उशिरां कां आली, याचें उत्तर मुंबईच्या इतिहासांत सांपडतें. मुंबईंत जनावरांसाठीं पांजरपोळ १८३४ सालीं निघाला आणि त्याला सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासारख्यांचा आश्रय मिळाला. बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा १८८५ सालीं निघाली. आंधळ्यांची शाळा अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलार्ड यांनीं १९०० सालीं, दुष्काळाच्या वर्षीं काढली. मतिमंद मुलांसाठीं म्हणून मुंबईंत पहिलें घर उघडण्यास १९४१ साल उजाडावें लागलें. म्हाताऱ्या गाईबैलांना निवारा मिळाल्यावर शंभरांहून अधिक वर्षांनीं या मुलांना तो मिळाला, असें कोणीं म्हटलें तर तें कटु वाटेल. पण सनावळी तशीच आहे.

याचें कारण दात्यांची क्रूरता नव्हे. दानाला फळ दिसावें लागतें. आंधळा मुलगा बोटांनीं वाचूं लागला, पेटी वाजवूं लागला, कीं वार्षिक समारंभांत दात्याचे डोळे भरून येतात. बहिरी मुलगी दोन शब्द उच्चारते आणि सभा टाळ्या वाजविते. सोलापूर शहरांतील अंधशाळेला भैरुरतन दमाणी यांचें नांव आहे. असें नांव लावून घेण्यांत कोणत्याहि घराण्याला अभिमानच वाटेल. मतिमंद मूल वर्षभर परिश्रम केल्यावर स्वतःच्या शर्टाचें बटण लावण्यास शिकतें. त्याच्या आईला त्याचा अर्थ समजतो, शिक्षिकेला समजतो. पण खुर्चींत बसलेल्या पाहुण्याला तो समजावून सांगावा लागतो. शिवाय पूर्वकर्माची कल्पना होतीच. घरांतील अशा मुलाविषयीं लग्नाच्या बोलण्यांत मौन पाळलें जाई, कारण बहिणीचें लग्न अडे. जें दुःख घरोघर लपवून ठेवलें जातें त्याच्यासाठीं वर्गणीची यादी फिरविणार कोण?

इतर देशांतहि वाट सोपी नव्हती. इंग्लंडमध्यें अँड्र्यू रीड या धर्मोपदेशकानें १८४७ सालीं मतिमंदांसाठीं लोकवर्गणींतून संस्था स्थापिली. तिची अर्ल्सवूड येथील मोठी इमारत १८५५ सालीं उघडली. या संस्थेची प्रवेशाची रीत मोठी विलक्षण होती. जो वर्गणी देई त्याला मत मिळे आणि वर्गणी जितकी मोठी तितकीं मतें अधिक. वर्षांतून दोनदां निवडणूक होई. कोणत्या मुलाला मोफत जागा द्यावयाची तें या मतांनीं ठरे. मुलाचे नातेवाईक वर्गणीदारांच्या दारीं जाऊन, पत्रें लिहून मतें मागत. ज्या विधवेच्या ओळखी मोठ्या तिचें मूल आंत जाई, आणि जिच्या ओळखी नाहींत तिचें मूल पुढल्या निवडणुकीची वाट पाही. खासगी दानाची उदारता आणि त्याचें वैगुण्य या एकाच प्रथेंत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसत असेल. दान देणाऱ्याला निवडीचा अधिकार हवा असतो, आणि गरज ही कांहीं निवडून येण्याची गोष्ट नव्हे.

अमेरिकेंत सॅम्युएल हाउ यांनीं दुसरी वाट धरली. त्यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडून १८४८ सालीं प्रयोगादाखल शाळेसाठीं वर्षाला २,५०० डॉलर मंजूर करून घेतले. सरकारी पैशाला मतांची निवडणूक नव्हती, पण तो बंद पडण्याची भीति कायम होती. हे दोन नमुने, वर्गणीदारांचा आणि विधिमंडळाचा, पुढें सर्व देशांत एकमेकांत मिसळले.

अर्ल्सवूडचें आणखी एक स्मरण ठेवलें पाहिजे. तेथें १८५८ ते १८६८ या काळांत जॉन लँग्डन डाउन हे वैद्यकीय प्रमुख होते. वर्गणीवर आलेल्या या मुलांना रोज पाहूनच त्यांनीं १८६६ सालीं एका विशिष्ट ठेवणीच्या मुलांचें वर्णन केलें, आणि पुढें त्या अवस्थेला त्यांचें नांव मिळालें. तिचें कारण एकविसाव्या क्रमांकाचें एक गुणसूत्र अधिक असणें हें आहे, असें १९५९ सालीं लेज्यून यांनीं पॅरिसमध्यें दाखविलें. पूर्वकर्माचा आणि आईच्या दोषाचा प्रश्न शास्त्रापुरता तेव्हांच मिटला. घराघरांत मिटण्यास अजून अवधि आहे.

याच अवस्थेच्या एका मुलीपासून मुंबईंतील कथा सुरू होते. त्यापूर्वीची पार्श्वभूमि थोडक्यांत अशी : १९२४ सालीं मुंबई इलाख्यांत मुलांविषयींचा कायदा झाला, १९२७ सालीं चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, १९३६ सालीं सर दोराबजी टाटा यांच्या निधींतून समाजकार्याचें विद्यालय निघालें आणि त्याच्या पुढच्या वर्षीं त्याच्या आश्रयानें बालमार्गदर्शनाचें केंद्र चालूं झालें. कोर्टांपुढें येणाऱ्या भटक्या मुलांत कांहीं मुलें अपराधी नसून बुद्धीनें मागें असतात, हें या मंडळींना दिसूं लागलें. त्यांच्यासाठीं चिल्ड्रेन्स एड सोसायटीनें १९४१ सालीं मानखुर्दला स्वतंत्र घर काढलें. वर जें १९४१ साल सांगितलें तें हेंच. पण येथें येणारें मूल पोलिसाच्या वा कोर्टाच्या हातून येई. आईच्या हाताला धरून येणाऱ्या मुलासाठीं शाळा नव्हतीच.

ती १९४४ सालीं जाई वकील आणि त्यांचे पति होर्मसजी वकील या पारशी दांपत्यानें काढली. त्यांची मुलगी या अवस्थेंत जन्मली होती. मुलीसाठीं एक शिक्षिका ठेवून घरांत स्वस्थ बसणें त्यांना शक्य होतें. सुखवस्तु घराण्यांत बहुधा तसेंच होई. त्यांनीं आपल्या मुलीबरोबर दुसऱ्यांचीं मुलें घेतलीं. शिवडीच्या टेकडीवर पुढें या शाळेचा मोठा विस्तार झाला, आणि तिच्या मागें मुंबईचा पारशी-गुजराती दानधर्म उभा राहिला. जें दुःख लपविलें जात होतें तें एका प्रतिष्ठित घरानें उघड्यावर आणलें, हा यांतील खरा पराक्रम. दान त्यानंतर आलें. पैसा नव्हता म्हणून इतकीं वर्षें शाळा निघाली नव्हती, असें नव्हे, मागणारा नव्हता.

होटगीहून शिवडी साडेचारशें किलोमीटरांच्या घरांत आहे. १९४४ साल युद्धाचें होतें, गाड्यांना गर्दी होती, धान्य मोजून मिळत होतें. सोलापूरच्या बाजूच्या आईबापांना या शाळेचें नांव कानीं आलें असतें तरी त्याचा उपयोग नव्हता. मुलाला तेथें ठेवावयाचें तर कोठें, आणि खर्च द्यावयाचा तर कशांतून? एका शहराच्या दानाला स्वाभाविक सीमा असते. तें त्या शहराच्या वेशीपाशीं थांबतें.

म्हणून पुढील तीस-चाळीस वर्षांचा इतिहास हा वेशी ओलांडण्याचा इतिहास आहे. पुण्यास १९६४ सालीं ‘कामायनी’ निघाली. नाशिकला १९७७ सालीं रजनीताई लिमये यांनीं ‘प्रबोधिनी’ सुरू केली. त्या स्वतः शिक्षिका होत्या आणि त्यांच्याहि घरीं असा मुलगा होता. संयुक्त राष्ट्रसंघानें १९८१ हें अपंगांचें वर्ष म्हणून पाळलें, १९८४ सालीं केंद्र सरकारनें सिकंदराबादेस या विषयाची राष्ट्रीय संस्था काढली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत अशा शाळा दिसूं लागल्या. बहुतेकांचा जन्म सारखाच आहे. एक आई किंवा एक शिक्षिका, भाड्याची खोली, चार-पांच मुलें, मग संस्थेची नोंदणी. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा १९५० सालीं झाला होता. त्यामुळें हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत सादर करावे लागत, आणि त्यामुळेंच अनोळखी दात्याचा विश्वासहि मिळूं शकला. १९६१ च्या आयकर कायद्याच्या ८० जी कलमानें दात्याला करांत सवलत दिली. धर्म आणि कर यांची ही सोयरीक पुष्कळांना रुचली नाहीं. परंतु तिनें अनेक शाळांचीं छपरें घातलीं.

या शाळांच्या जमाखर्चाची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे, कारण खरें दुखणें तेथें आहे. इमारतीला दाता मिळतो. कोनशिला बसते, तिच्यावर आईवडिलांचें नांव कोरतां येतें. गाडीला दाता मिळतो, तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत नांव येतें. भोजनाला तर रांग लागते. वाढदिवस, श्राद्ध, लग्नाचा वर्धापनदिन या निमित्तानें मंडळी मुलांना गोडाधोडाचें जेवूं घालतात. कांहीं शाळांत एकाच आठवड्यांत तीनदां जिलबी होते. त्या मंडळींच्या प्रेमाविषयीं कोणीं शंका घेऊं नये. पण शिक्षिकेच्या पगाराला दाता मिळत नाहीं. वाचा सुधारणाऱ्या तज्ज्ञाला, व्यायाम शिकविणाऱ्याला, मुलाला शौचास नेणाऱ्या आणि त्याचे कपडे बदलणाऱ्या मावशींना दाता मिळत नाहीं. साधारण शाळेंत एक शिक्षक चाळीस-पन्नास मुलांना सांभाळतो. येथें आठ-दहा मुलांमागें एक शिक्षिका लागते, आणि तीहि खास शिक्षण घेतलेली. म्हणजे या सेवेचा सारा खर्च माणसांचा आहे, आणि दान देणाऱ्याला दगड-विटा आवडतात.

सरकारी अनुदान येथें उपयोगी पडलें. मान्यता मिळालेल्या अनुदानित शाळेंत नोकरवर्गाचा पगार सरकार देतें. परंतु मान्यता आणि अनुदान यांच्यामध्यें वर्षें जातात, कांहीं शाळांना अनुदान कधींच मिळत नाहीं. तेवढ्या काळांत जुनी रद्दी विकून, नाटकाचे प्रयोग लावून, दिवाळींत पणत्या व उटणें विकून शाळा चालवावी लागते. या मधल्या वर्षांत किती शिक्षिकांनीं अर्ध्या पगारावर काम केलें असेल, याचा हिशेब कोणत्याहि अहवालांत नाहीं. तोहि खासगी दानधर्मच होता. त्याला पावती मिळाली नाहीं इतकेंच.

स्थायी निधीचा उपाय सर्वांना सुचतो. एकदां मोठी रक्कम ठेवावी आणि व्याजावर संस्था चालवावी. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा पैसा सुरक्षित ठिकाणींच गुंतवावा असें कायदा सांगतो, म्हणून तो बहुधा बँकेच्या मुदतठेवींत जातो. १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अशा ठेवींवर शेंकडा बाराच्या आसपास व्याज मिळत असे. दहा लाखांच्या निधीवर वर्षाला एक लाख वीस हजार येत, आणि त्या काळीं त्यांत दोन-तीन शिक्षिकांचे पगार भागत. २०२० सालीं व्याजाचा दर साडेपांचाच्या घरांत आला. त्याच दहा लाखांचे पंचावन्न हजार झाले, आणि मधल्या काळांत पगार कितीतरी पटींनीं वाढले. निधी देणारा दाता आपण कायमची सोय केली या समाधानांत डोळे मिटतो, आणि त्याची कायमची सोय पंचवीस वर्षांत विरून जाते.

यांत भर पडली ती एका आनंदाच्या गोष्टीची. डाउनच्या अवस्थेंत जन्मलेल्या मुलाचें सरासरी आयुष्य १९२९ च्या सुमारास पाश्चात्त्य देशांत अवघें नऊ वर्षांचें धरलें जाई. हृदयावरील शस्त्रक्रिया आणि रोगजंतूंवरील औषधें आल्यावर तें वाढत जाऊन आज त्या देशांत साठाच्या आसपास पोंचलें आहे. आपल्याकडेहि वाढ झालीच आहे. पूर्वी आईबाप मुलाला पोंचवीत. आतां मूल आईबापांच्या मागें राहतें. शाळा अठरा वर्षांपर्यंतच असते. त्यापुढें कार्यशाळा असली तर असते, नसली तर मुलगा पुन्हां घराच्या ओट्यावर येऊन बसतो, आणि जें शिकला तें हळूहळू विसरतो.

या ओट्यावरच्या माणसासाठीं दोन निराळ्या तऱ्हांचे प्रयत्न महाराष्ट्रांत झाले. बदलापूरला पालकांनीं एकत्र येऊन ‘आधार’ ही संस्था काढली. येथें दाता आणि याचक एकच आहेत. ज्यांचीं मुलें त्यांनींच पैसा घातला, जागा घेतली आणि आपल्यामागें मुलें तेथें जन्मभर राहतील अशी व्यवस्था केली. ही रीत मध्यमवर्गाला परवडणारी आहे. ज्याच्या हातीं निवृत्तीची एकठोक रक्कम येते त्याला ती सुचते. होटगीच्या शेतमजुराला ती सुचून उपयोग नाहीं.

दुसरा प्रयत्न विदर्भांत परतवाड्याजवळ वज्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं केला. रेल्वे स्थानकांवर, उकिरड्यांवर, देवळांच्या पायऱ्यांवर टाकून दिलेलीं मतिमंद आणि मूकबधिर मुलें त्यांनीं गोळा केलीं. अंबादासपंत वैद्य यांच्या नांवानें त्यांचें बालगृह चालतें. मुलांच्या नांवापुढें वडिलांचें नांव हवें म्हणून त्यांनीं सर्वांना स्वतःचें नांव दिलें. बालगृहाचा नियम असा कीं मूल अठरा वर्षांचें झालें म्हणजे त्यानें बाहेर पडावें. ज्याला स्वतःचा पत्ता सांगतां येत नाहीं त्यानें बाहेर पडून जावें कोठें, असा पापळकरांचा प्रश्न आहे. अशा मुलांना अठरा वर्षांनंतरहि त्याच घरीं राहूं देणारा कायदा व्हावा, अशी मागणी ते अनेक वर्षें करीत आले. २०२४ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. पंढरपूरच्या १८७५ च्या बालकाश्रमापुढें टाकलेल्या मुलाला जगविण्याचा प्रश्न होता, वज्झरला त्याला म्हातारपणापर्यंत नेण्याचा आहे. शतकभरांत दानाचा भार किती वाढला तें या तुलनेवरून कळावें.

सरकारच्या बाजूनें झालेल्या बदलांत एक मजेची गोष्ट आहे. १९१२ चा कायदा जाऊन त्याच्या जागीं १९८७ चा मानसिक आरोग्याचा कायदा आला आणि १९९३ सालीं तो अमलांत आला. त्यानें मतिमंदांना वेड्यांच्या व्याख्येंतून योग्यच वगळलें. पण दुसरीकडे कोठेंहि घातलें नाहीं. १९९५ चा अपंगांचा कायदा पुढच्या वर्षीं अमलांत येईपर्यंत हीं माणसें कायद्याच्या पुस्तकांत जवळजवळ नव्हतींच. मग १९९९ सालीं राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. आत्ममग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठीं हा न्यास. आणि केंद्र सरकारनें त्याला एकदांच शंभर कोटि रुपयांचा निधी द्यावा, त्याच्या उत्पन्नावर न्यासानें चालावें, अशी त्यांत तरतूद आहे. म्हणजे सरकारनेंहि शेवटीं एखाद्या श्रीमंत व्यापाऱ्यासारखीच स्थायी ठेव ठेवली! २०११ च्या शिरगणतींत देशांतील मतिमंद व्यक्ति १५ लाखांवर भरल्या. शंभर कोटींचें व्याज आणि १५ लाख माणसें यांचा भागाकार कोणालाहि करतां येईल. महाराष्ट्रानें २०२२ सालीं दिव्यांगांसाठीं स्वतंत्र खातें निर्माण केलें, तें या सर्वांनंतरचें पाऊल होय.

आतां कारखान्यांचें दार. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें मोठ्या कंपन्यांनीं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या शेंकडा दोन रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असें ठरविलें. अपंगांचें शिक्षण त्या कार्यांच्या यादींत आहे. आणि विशेष म्हणजे कंपनीनें आपल्या आसपासच्या प्रदेशाला प्राधान्य द्यावें असें तें कलम सांगतें. होटगीच्या दृष्टीनें हें वाक्य सोन्याचें आहे. होटगीला सिमेंटचा कारखाना आहे, आणि होटगी स्टेशनाजवळ फताटेवाडीला १,३२० मेगावॉट शक्तीचें औष्णिक वीजकेंद्र २०१७ ते २०१९ या काळांत चालूं झालें. दानाची सीमा शहराच्या वेशीपाशीं थांबते असें वर म्हटलें. येथें प्रथमच ती वेस खेड्याच्या भोंवतीं काढली गेली आहे.

परंतु या पैशालाहि स्वतःचा स्वभाव आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणें चालूं प्रकल्पाची मुदत आरंभाचें वर्ष सोडून तीन वर्षांपलीकडे जाऊं शकत नाहीं. आणि संस्थेच्या स्थायी निधींत घातलेली रक्कम त्याच वर्षापासून या खर्चांत धरली जात नाहीं. नियम करणाऱ्यांचा हेतु स्पष्ट आहे. पैसा ठेवींत पडून राहूं नये, कामाला लागावा. रस्ता, विहीर, शाळेची खोली यांना ही मुदत पुरते. सहा वर्षांच्या मतिमंद मुलाला मात्र पुढें पन्नास-साठ वर्षें जगावयाचें असतें. तीन वर्षांसाठीं आलेली तज्ज्ञ बाई मुदत संपतांच निघून जाते, आणि जिच्या हातीं मुलानें घांस घेण्यास नुकताच आरंभ केला होता तिच्याऐवजीं दुसरी येते, किंवा येतच नाहीं. व्यापाऱ्याची ठेव व्याजाअभावीं झिजली, कंपनीची रक्कम मुदतीनें तुटते. एका दानाला दीर्घ आयुष्य होतें पण बळ राहिलें नाहीं. दुसऱ्याला बळ आहे पण आयुष्य नाहीं. जिल्ह्याच्या संस्थांना या दोहोंचा मेळ घालावा लागतो. कंपनीच्या पैशांतून इमारत, साधनें आणि शिक्षिकांचें प्रशिक्षण करून घ्यावें, सरकारी अनुदान पगारासाठीं मिळवावें, आणि गांवच्या लहान दात्यांना जिलबीऐवजीं दरमहा ठराविक रक्कम देण्यास वळवावें, असा मार्ग जाणते कार्यकर्ते सांगतात. शंभर घरांनीं महिना दोनशें रुपये दिले तर वीस हजार होतात. त्यावर कोणाचें नांव कोरतां येणार नाहीं, पण एका मावशींचा आणि एका मदतनिसाचा कांहीं भार त्यांतून उचलला जाईल. मठ, तालीम, गणेशोत्सवाचें मंडळ, दूधसंस्था यांना वर्गणी जमविण्याची कला सोलापूरच्या बाजूस चांगली अवगत आहे. तिचा रोख वळला पाहिजे.

आईबापांना स्वतः करतां येण्यासारखीहि एक गोष्ट आहे, आणि तिला मोठ्या रकमेची गरज नाहीं. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं स्थानिक समिति असते. तींत नोंदणी झालेल्या संस्थेचा एक आणि अपंग व्यक्तींपैकीं एक असे सभासदहि असतात. होटगीच्या कुटुंबानें आपल्या प्रौढ मुलासाठीं कायदेशीर पालक नेमून घेण्याचा अर्ज सोलापूरच्या या समितीकडे करावयाचा. आईबापांनीं आपल्या पसंतीचें नांव सुचवावें, समितीनें चौकशी करून नेमणूक करावी. नेमलेल्या पालकानें सहा महिन्यांच्या आंत पाल्याच्या स्थावर मिळकतीची यादी द्यावयाची असते, आणि दरवर्षीं मार्चअखेरीनंतर तीन महिन्यांत त्याच्या मिळकतीचा व खर्चाचा हिशेब सादर करावयाचा असतो. ज्याच्या नांवें दोन एकर जमीन आहे त्याच्या पालकाच्या हिशेबांत उसाचे वा तुरीचे आंकडे येतात. ज्याच्या नांवें कांहींच नाहीं त्याच्या पालकाच्या हिशेबांत जमेच्या बाजूस लिहावयाचें तें शाळेनें, कारखान्यानें आणि गांवानें त्या वर्षीं काय दिलें एवढेंच.